पिंपळदऱ्यावर बंद पडणारं इंजिन

दिवाळी झाल्यावर माझी मेहुणी मनकर्णा एकटीच भिंगारला आली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. हातात पिशवी नाही, तोंडावर हसू नाही. सख्ख्या बहिणीशी दोन शब्द न बोलता ती थेट माझ्यासमोर बसली.

"दाजी, तुमी रणगाड्याची इंजिनं नीट करता ना? मग आमच्या नावंचं बगा. न्हाईतर ह्यो मानूस हातचा जाईल."

हा माणूस म्हणजे तिचा नवरा गहिनीनाथ, माझा साडू. मी भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात फिटर. रणगाड्याच्या पोटात शिरून माझी पंधरा वर्षं गेली, पण पाण्यावर चालणाऱ्या कशालाही मी हात लावला नव्हता. मला पोहता येत नाही. विहिरीत डोकावायची वेळ आली तर मी दुसऱ्याला पुढं करतो. हे घरात सगळ्यांना माहीत असल्यामुळे बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली.

त्यांच्या नावेची हकीकत मला ठाऊक होती. मुळा धरणात त्यांचं पिंपळदरा गाव बुडालं. नवं गाव पलीकडच्या माळावर वसलं आणि राहुरीचा बाजार, दवाखाना, एसटी सगळं राहिलं अलीकडे. मधे हे पाणी. गहिनीनाथची विहीरही बुडाली, पण विहिरीवरचं डिझेल इंजिन त्यानं आधीच काढून आणलं होतं. ते त्यानं एका जुन्या लाकडी नावेवर बसवलं, लोहाराकडून दांडा आणि पंखा करून घेतला, आणि गावाची ने-आण सुरू केली. दुष्काळात पाणी खाली गेलं होतं तेव्हा नाव चिखलात बसली. यंदा धरण भरलं आणि ती पुन्हा तरंगली.

"आता दसऱ्यापास्नं काय झालंय," मनकर्णा म्हणाली, "नाव बरुबर जुन्या गावावर गेली की बंद पडती. जाताना तितंच, येताना तितंच. लोक म्हनत्यात, म्हसोबा अडवतोय."

"म्हसोबाला काय काम न्हाई का दुसरं?"

"हसू नका दाजी. पानी चढाय लागलं तवा म्हसोबाचा दगड ह्यांनीच पहारीनं उचलला. कौल लावाय बी कुनी थांबलं न्हाई. दुसरं कुनी हात लावंना, म्हनून ह्यांनी लावला. आता तेच लोक म्हनत्यात, गहिन्यानं देव ईचारल्याबिगर हलवला, त्यो सूड घेतोय. ह्यांना बी तसंच वाटाय लागलंय. जेवत न्हाईत. नाव सोडून ऊस तोडाय जातो म्हनत्यात."

मला राग आला. देवाचा नाही, लोकांचा. पण रागाच्या मागून दुसरंच काहीतरी डोक्यात शिरलं आणि तिथंच बसून राहिलं.

"मला एक सांग, इंजिन पटकन बंद पडतं, का दम लागून पडतं?"

तिनं जरा विचार केला. "आदी धापा टाकतं. मंग हळूहळू गप व्हतं."

झालं. त्या रात्री मला ताटातलं काही गोड लागेना. धापा टाकून मरतं त्या इंजिनाला डिझेल पुरत नसतं. मग फिल्टर तुंबला असेल, नळीत हवा धरत असेल, टाकीत पाणी गेलं असेल. पण यातली कुठलीही खोड असती तर ते कुठंही बंद पडलं असतं. एका ठरलेल्या जागेवरच बंद पडणारं इंजिन मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते पाहिल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मनकर्णाबरोबर राहुरीची एसटी धरली. धरणाच्या काठावर गहिनीनाथ आमची वाट बघत नावेत बसला होता. गालफडं पार बसलेली. शेजारी त्याची आई कडूबाई. इंजिन मात्र नवरदेवासारखं सजलं होतं. वाळलेल्या झेंडूची माळ, हळदकुंकू, शेंदूर, सगळं जागच्या जागी.

"पाव्हणं, तुमाला उगंच तरास," गहिनीनाथ म्हणाला. "राहुरीचा मिस्त्री बी बगून गेला. काय सापडलं न्हाई त्याला. काठावर ब्येस चालतं."

"चालू दे की. मला बघू दे."

नाव काठाला बांधून ठेवली आणि इंजिन सुरू केलं. डिझेल कसं उतरतंय ते दिसावं म्हणून मी टाकीचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि आत काडी बुडवत बसलो. इंजिन इतकं छान चाललं की मी दोनदा चहा प्यालो तरी त्याचा ठेका चुकला नाही. फिल्टर उघडून धुतला. फार घाण नव्हतीच. नळीचे सांधे आवळले. झाकण लावलं आणि म्हटलं, चला पाण्यात.

बरोबर यायला गावातलं कोणी तयार होईना. काठावर आठ-दहा माणसं ओझी घेऊन उभी होती, त्यांनी लांबूनच हात जोडले. आम्ही चौघंच निघालो. मी नावेची कड दोन्ही हातांनी धरून बसलो. मनकर्णानं ते बघितलं, पण बिचारी हसली नाही.

मधोमध गेल्यावर पाण्यातून वर आलेला पिंपळाचा वाळका शेंडा दिसला. तो जवळ आला आणि इंजिनाचा ठेका मंदावला. दोन-चार धापा टाकून ते गप झालं.

एवढ्या मोठ्या पाण्यावर एकदम शांत झालं की अंगावर काटा येतो, हे मला त्या दिवशी कळलं. गहिनीनाथनं मान खाली घातली. कडूबाई मात्र नावेच्या कडेला ओणवी होऊन खाली बघत होती. गढूळ पाण्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"हितं चावडी," ती पुटपुटली. "आन् तितं आपलं घर."

मी बांबू घालून पंख्याला गवत, फांदी काही अडकलंय का ते चाचपलं. काही नव्हतं. इंजिनावर हात ठेवून बघितला. नेहमीइतकंच गरम. झाकण काढून टाकीत डोकावलो, तर डिझेल अर्ध्याच्या वर. म्हातारीनं तेवढ्यात हात जोडले. गहिनीनाथनं हँडल मारलं आणि इंजिन लागलं.

"बगा," तो म्हणाला. "आईनं हात जोडलं तवा लागलं."

"अरे, हात जोडून इंजिनं चालली असती तर लष्करानं मला कशाला पोसलं असतं?" मी ओरडलो. उत्तर सापडत नसलं की माझा आवाज असा चढतो.

पलीकडच्या काठाला लागलो. गहिनीनाथनं रोजच्या सवयीनं झाकण काढून काडी घातली, डिझेल बघितलं, झाकण घट्ट लावलं. मोठा दक्ष माणूस. मी त्याच्याकडे बघत विचार करत होतो. जागा की वेळ? जुनं गाव बरोबर मधोमध आहे. अलीकडून निघा की पलीकडून, तिथं पोचायला सारखाच वेळ लागतो. मग ही खोड त्या जागेची आहे, की तेवढा वेळ चालण्याची?

"गहिनीनाथ, आता जुन्या गावाकडं जायचंच न्हाई. काठाकाठानं भिंतीकडं चल."

"तिकडं काय हाय?"

"काय न्हाई म्हणूनच चल."

धरणाच्या भिंतीच्या बाजूला ना गाव होतं ना देऊळ, नुसता खडकाळ माळ बुडालेला. आम्ही काठाकाठानं निघालो. बराच वेळ इंजिन मस्त चाललं. मग धापा टाकल्या आणि गप झालं.

मी आनंदानं उठून उभाच राहिलो. नाव हलली तसा पुन्हा खाली बसलो. "बघितलंस? जागेचा काही संबंध न्हाई! हितं कुठला आलाय म्हसोबा?"

गहिनीनाथनं दोन्ही हातांत डोकं धरलं. "म्हंजी त्यो तितं बसलेला न्हाई, पाव्हणं. त्यो माज्या मागं हाय. म्या जाईन तितं येतोय."

माझा आनंद जागच्या जागी विरला. मनकर्णा रडायला लागली. मी जे सुटकेचं म्हणून शोधून काढलं होतं, त्यानं तो जास्तच अडकला होता. आता इंजिनाचं रोगनिदान करून भागणार नव्हतं, त्याला ते पटायलाही हवं होतं. नाहीतर हा माणूस जन्मभर त्या दगडाचं ओझं वाहणार होता.

मी मग कशालाही हात लावला नाही. रणगाड्यावर हे मी शिकलोय. सापडत नसेल तर आपण स्वतः काय करतोय ते आठवायचं. बंद पडल्यापासून सुरू होईपर्यंत मघाशी मी काय केलं? पंखा चाचपला, हात ठेवला, झाकण काढलं. काठावर तासभर चाललं तेव्हा झाकण कुठं होतं? बाजूला. राहुरीच्या मिस्त्रीनं पहिल्यांदा काय केलं असेल? डिझेल आहे का ते बघायला झाकणच काढलं असेल. मीही नेहमी तेच करतो.

"कुणी बोलू नका," मी म्हणालो. टाकीला कान लावला आणि झाकण अगदी हळू फिरवलं.

स्सस्स. आत हवा शिरली.

"अगं बाई, काय हाय आत?" मनकर्णा मागं सरकली.

"काही न्हाई. तेच तर!"

माझी बोटं लाल झाली होती. झाकणावर शेंदराचा जाड थर. डिझेलमध्ये चिंधी भिजवून मी तो पुसायला लागलो. एकाखाली एक पापुद्रे निघत गेले, आणि तळाशी, झाकणाच्या मधोमध, एक बारीक खळगी दिसली. "पिन दे," मी मनकर्णाला म्हटलं. तिनं बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. खळगीत ती टोचली तशी आरपार गेली.

"टाकीतलं डिझेल खाली उतरतं तशी वरून हवा आत यायला पाहिजे. त्यासाठी हे भोक. हे बुजलं की डिझेल अडकून राहतं."

"त्येलाच्या डब्याला दोन भोकं पाडावी लागत्यात तसं," मनकर्णा डोळे पुसत म्हणाली. "एका भोकानं धार पडत न्हाई."

"तसंच. अगदी तसंच."

गहिनीनाथनं झाकण हातात घेतलं आणि उन्हात धरून भोकातून बघितलं. मग त्यानं आईकडे बघितलं.

"शेंदूर मीच लावते," कडूबाई म्हणाली. "खंडेनवमीला लावला. मंग बंद पडाय लागली म्हनून दर आयतवारी लावते."

"म्हणजे देव शांत व्हावा म्हणून तुमीच नाव बंद पाडत होता की, म्हातारबाई!"

मनकर्णानं माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. म्हातारीचा चेहरा एवढासा झाला होता. पण गहिनीनाथचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं.

"म्हंजी देवाचा राग न्हाई माज्यावर?"

"देवाचं मला ठाऊक न्हाई. इंजिनाचा न्हाई, एवढं नक्की."

तो हसला. मग हसता हसताच त्याला रडू फुटलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

तेवढ्यावर मी निघालो असतो, पण नाव भरलेली असताना चालते का ते बघितल्याशिवाय मला झोप लागली नसती. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी स्वतः नावेत बसतोय, आणि मला पोहता येत नाही, हे ऐकल्यावर लोक एकेक करून चढले. नाव निघाली. पिंपळाचा शेंडा जवळ आला तशा सगळ्यांच्या मुठी आवळल्या. इंजिनाचा ठेका तसाच राहिला. शेंडा बाजूनं गेला. मागं पडला.

मला वाटलं होतं, आता हाकाटी होईल, गहिनीनाथच्या पाठीवर थापा पडतील. तसलं काही झालं नाही. सगळे वळून मागच्या पाण्याकडे बघत होते. कडूबाई तर पार उलटी बसली होती.

"काय झालं आता?" मी वैतागून विचारलं. "चालली ना?"

"चालली की," म्हातारी म्हणाली. "चांगलं झालं. पर बंद पडायची तवा जरा बगाय तरी मिळायचं."

गहिनीनाथनं ते ऐकलं. त्यानं सुकाणू दाबलं आणि नाव वळवून पुन्हा पिंपळाकडे नेली. मग खाली वाकून डिझेल तोडलं. इंजिन थांबलं. नावेत एकच कालवा झाला. एक बाई ओरडली, "पडली का रं बंद!"

गहिनीनाथ उभा राहिला. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं.

"पडली न्हाई. म्या बंद केलीय. म्या!"

मग माणसं कडेला ओणवी झाली. कोणी बोटानं गोठा दाखवला, कोणी तालीम. दोन म्हाताऱ्यांत कुणाचं दार कुठं होतं यावरून भांडण लागलं. मला गढूळ पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं, तरी मीही कड सोडून वाकलो.

बऱ्याच वेळानं कडूबाईनं पदर सारखा केला.

"चल बाबा आता. बाजार उठंल."

गहिनीनाथनं हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्यातच लागलं.