व्हर्नाचं मोडलेलं मनगट

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कुरिंगा गावात माणूस किती सोसतो यावर त्याची किंमत ठरते. बाईची तर जास्तच.

त्या सकाळी ब्याऐंशी वर्षांची व्हर्ना हॅलेट नेहमीसारखी भट्टीपाशी उभी होती. डाव्या मनगटाला प्लास्टर. कोंबड्यांना दाणे टाकताना उभ्याउभ्या पडली, एवढंच निमित्त. पण मेंढ्यांची कातरणी चालू होती. कातरणाऱ्यांना चहाबरोबर ताजे गोड पाव लागतात आणि ते घरच्या बाईनेच करायचे, असा आमच्याकडचा रिवाज.

"एका हाताने असे पाव! आजी, आमच्या बायकोला पाठवू का शिकायला?" एक कातरणारा म्हणाला. सगळे हसले. तिच्या मुलाची, डॅरेलची छाती फुगली.

"डॅरेल, पाठही दुखते रे," ती हळूच म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, शहरात जाऊन हाडं तपासून घ्या. औषध असतं म्हणे."

"कातरणी उरकू दे ना, आई. तू काय काचेची आहेस?"

कातरणी उरकली. मग पेरणी आली, मग गव्हाची कापणी. साध्या पडण्याने मोडलेलं हाड ही पुढच्या संकटाची सूचना असते, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. ऐकायला सवड कुणाला होती?

ऐन कापणीत ती स्वयंपाकघरात पडली आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया चांगली झाली. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीवाल्या बाईंनी तिला उभं केलं, तेव्हा ती कळवळली. "या वयात कशाला छळता बिचारीला?" म्हणत डॅरेलने कुणाचं न ऐकता तिला घरी आणलं, मऊ गादीवर निजवलं आणि तो कापणीला गेला.

"मला उभी कर रे," ती रोज म्हणायची. तो पांघरूण नीट करायचा. त्याचं प्रेम होतं, आणि त्या प्रेमानेच घात केला. पडून राहून पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला. कापणी संपली तेव्हा व्हर्नाही संपली होती.

चर्चमध्ये डॅरेल म्हणाला, "आईने जन्मात कधी तक्रार केली नाही." माना डोलल्या.

"केली होती!" मेलबर्नहून आलेली त्याची बहीण नोरीन उभी राहिली. "तुझ्याकडे केली, फोनवर माझ्याकडेही केली. खुबा मोडलेल्या दर चार म्हाताऱ्या माणसांत एक जण वर्षाच्या आत जातो. आपण मात्र सोसण्याचे गोडवे गातोय."

शेजारी बसलेल्या ग्वेनिथ मावशीने सुजलेलं मनगट झटकन शालीत लपवलं.

"मावशी, काय झालं हाताला?"

"काही नाही गं. अंगणात जरा घसरले."

"ऊठ. गाडीत बस. आधी दवाखान्यात जायचं."

"अगं, तुझ्या आईला पुरायचंय अजून!"

"आई थांबेल," नोरीन म्हणाली. "तिला आपण तेवढंच शिकवलंय."