हिंगाच्या डबीतलं बी

आमच्या ह्यांची एक खोड मला कधीच आवडली नाही. चूक केली की हा माणूस गोड होतो. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात ज्यांनी स्वतःचा कप कधी विसळला नाही, ते मी पामर्स्टन नॉर्थला मुलीकडे जाऊन परत आल्यापासून रोज सकाळी माझ्या हातात चहा आणून द्यायला लागले. आलं किसून, साखर बेताची. वर विचारायचे, "शकु, झोप लागली का?" मला वाटलं, दीड महिना बायको घरात नव्हती, सुनेच्या हातचे टोस्ट खाऊन डोळे उघडले असतील. मी त्या चहावर खूश होऊन बसले. एवढी वर्षं ह्या माणसाला ओळखते, तरी फसले.

आम्ही इथे परदेशात, पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला, अल्बनीला आमच्या मुलाकडे, मकरंदकडे राहतो. येऊन आठ वर्षं झाली. माझं शिक्षण चौथी, तीही मास्तरांनी कंटाळून पास केलेली. इथे मला गाडी चालवता येत नाही, इंग्रजी येत नाही. नात अनुष्का, तिला मराठीत विचारावं तर उत्तर इंग्रजीत. फॉर्म हे भरतात, फोनवर हे बोलतात, डॉक्टरांना माझं दुखणंसुद्धा हेच सांगतात. मी म्हणते गुडघा, हे सांगतात कंबर. हे ड्राफ्ट्समन होते ना, सगळं जग ह्यांनी आखून ठेवलेलं.

पण वांगी माझी होती. तिथे ह्यांना मला विचारायला लागायचं.

आलो त्या पहिल्याच वर्षी सँडरिंगहॅमच्या किराणा दुकानाबाहेर एक फिजीचे म्हातारबाबा भेटले. त्यांच्या हिंदीतलं निम्मं मला कळलं, माझ्या हिंदीतलं त्यांना किती कळलं देव जाणे. मी सांगितलं, बाबा, इथली ती भोपळ्याएवढी काळी वांगी माझ्या घशाखाली उतरत नाहीत, आणि देशातून बी आणायची सोय नाही, विमानतळावर बॅगा उलट्या करतात. पुढच्या रविवारी त्यांनी त्यांच्या परसातलं एक वांगं आणून माझ्या पिशवीत टाकलं. पिकून पिवळं झालेलं, देठाला काटे. म्हणाले, "बहन, इसको जिलाके रखना." त्याच हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या मुलांनी घर विकलं, आणि परसावर आता सिमेंट आहे.

मी ते बी जगवलं. पहिल्या वर्षी अख्ख्या उन्हाळ्यात तीन वांगी लागली. पण ज्या झाडाला सगळ्यात आधी फळ धरेल त्यावरचं एक फळ मी तोडायची नाही. पिवळं पडून लोंबेपर्यंत ठेवायचं, मग बी काढून, धुवून, सावलीत सुकवून, राखेत चोळायचं. माझी आई तसंच करायची. राख मला शेजारच्या गोऱ्या आजी देतात, त्यांच्याकडे लाकडाची शेगडी आहे. मी डबा पुढे करते, त्या "किया ओरा" म्हणतात, म्हणजे इथला नमस्कार, आणि भरून देतात. मग ते बी हिंगाच्या रिकाम्या डबीत. निम्मं पेरायचं, निम्मं ठेवायचं. काही झालं तरी सगळं पेरायचं नाही.

आठ वर्षांत ते झाड इथल्या वाऱ्याला, थंडीला सरावलं. जानेवारी लागला की वांगी सुरू. लोक पार शहराच्या दुसऱ्या टोकाहून गाडी काढून माझ्या भरल्या वांग्यांना यायचे. इथल्या मराठी मंडळात मला नावाने कुणी ओळखत नाही, "वांगीवाल्या काकू" म्हणतात. नीलांबरी म्हणून आमची एक ओळखीची आहे, तिने तीनदा बी मागितलं. मी तिला तिन्ही वेळा डबाभर भाजी दिली. बी दिलं नाही. माझा ताठा, दुसरं काय. माझ्याकडे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही, ह्यात मला सुख होतं.

ह्या वर्षीही ऑगस्ट लागला तसं मी पेरलं. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं. लोक त्यात टॉवेल ठेवतात, मी ट्रे ठेवते. ऑगस्ट म्हणजे इथला हिवाळा, बाहेर कुडकुडायला होतं, पण त्या कपाटात बियांना चैत्र वाटतो. आठव्या दिवशी कोंब आले. कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे उचलून उत्तरेच्या खिडकीत ठेवायचा, नाहीतर उजेडासाठी माना लांब करून आडवे पडतात. इथलं ऊन उत्तरेकडून येतं हे कळायला मला दोन हिवाळे लागले होते. अठरा रोपं वांग्याची, शेजारच्या ट्रेमध्ये मिरची. वांग्याच्या ट्रेत आइस्क्रीमच्या काड्या खोचलेल्या, त्यांवर लाल ठिपका.

आणि मुलीचा फोन आला. आमची वल्लरी पामर्स्टन नॉर्थला असते, तिकडच्या संशोधनाच्या संस्थेत. तिला तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. मी दोन साड्या, डिंकाचे लाडू घेतले आणि निघाले. निघताना ह्यांना उभं करून सांगितलं, "पाणी खालच्या ताटलीत घाला, वरून नाही. संध्याकाळी ट्रे काचेपासून लांब सरकवा, काच गार पडते. आणि मी येईपर्यंत ट्रे घराबाहेर न्यायचा नाही. कितीही ऊन पडू दे."

ह्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं. खाली रेघसुद्धा मारली. म्हणाले, "निर्धास्त जा. तू पोरीचं बघ, तुझी पोरं मी बघतो."

तिथे रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. बाळाला मालीश करून, धुरी देऊन झालं की मी फोन घेऊन बसायची. हे ट्रे दाखवायचे.

"पानं अशी बारीक का दिसतायत हो?"

"कॅमेऱ्यात तशीच दिसतात."

"आणि देठ जांभळा दिसत नाही."

"अगं, ढग आलेत इकडे. उजेड कुठाय?"

वल्लरी बाळाला पाजता पाजता म्हणायची, "आई, बाबा करतायत ना नीट? तू कशाला काळजी करतेस?" एक-दोनदा तर मीच तिला म्हणाले, "बघ, तुझ्या बाबांनी जन्मात कुंडीला पाणी घातलं नव्हतं, बायकोच्या शब्दासाठी करतायत." माझा ऊर भरून आला होता. आता आठवलं की अंगाची आग होते.

सप्टेंबरच्या शेवटी परत आले. खिडकीत बारा रोपं उभी. माझ्या हातून कधी झाली नाहीत अशी तजेलदार, प्रत्येकात लाल ठिपक्याची काडी. मी मोजली तर हे म्हणतात, "सहा गेली गं. खोटं कशाला सांगू? बारा जगवली." त्या सहांसाठी मी वाईटसुद्धा वाटून घेतलं नाही. उलट त्याच आठवड्यात मंडळाच्या जेवणात पंधरा बायकांसमोर ह्यांचं कौतुक केलं. म्हटलं, पुरुषाच्या हातून एवढं होत नाही, पण आमच्या ह्यांनी करून दाखवलं. नीलांबरी समोरच होती. तिने एकदा ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो ना, मधुकरकाकांनी कमालच केली." मग भात वाढायला उठून गेली. तेव्हा मला वाटलं, जळतेय.

ऑक्टोबरअखेर लेबर डेच्या सुट्टीत इथे सगळे रोपं जमिनीत लावतात. मीही वाफा करून, शेणखत मिसळून, पहिलं रोप हातात घेतलं. मूळ मोकळं करताना अंगठा पानाखालून फिरला.

गुळगुळीत.

माझ्या वांग्याला पाच-सहा पानं झाली की पानाच्या मागच्या शिरेवर काटे येतात. अगदी बारीक, बोटाला जाणवतील एवढेच. ह्या रोपाला दहा पानं होती आणि काटा एक नाही. मी दुसरं उचललं, तिसरं उचललं. बाराच्या बारा पालथी घालून बघितली. हे पायरीवर चहाचा कप घेऊन उभे होते. "पाठ दुखतेय का? मी खणू का?" म्हणाले. मी काही बोलले नाही. मी बोलले नाही म्हणजे काय, हे ह्यांना कळायला पाहिजे होतं.

माझ्या मनात तरी अजून एवढंच होतं, की रोपं मेली असतील, दुसरी आणून ठेवली असतील. ठीक आहे. डबी आहे. आत्ता पेरलं तर उशीर होईल, मार्चमध्ये चार वांगी धरतील, पण बी पुढे जाईल. हातपाय न धुता तशीच आत गेले. मसाल्याच्या कपाटात, वरच्या फळीवर, मागे. डबी होती तिथेच होती.

उघडली आणि तळहातावर ओतली. वांग्याचंच बी. पिवळंधमक, स्वच्छ, चकचकीत. परत डबीत ओतलं आणि हाताकडे बघितलं. मातीचा डाग होता तेवढाच. माझं बी हातावर घेतलं की हात राखेने माखतो.

हे मागोमाग दारात आले होते.

"राख कुठे गेली?" मी विचारलं.

"कसली राख?"

"बियांची."

"उडाली असेल," म्हणाले.

झाकणबंद डबीतली राख उडाली! आठ वर्षं ह्या ओट्यावर, ह्यांच्या पेपरच्या शेजारी बसून मी बी राखेत चोळत होते. एकदाही ह्या माणसाने मान वर करून बघितलं नाही. बघितलं असतं तर चिमूटभर राख टाकून ठेवली असती, आणि पुढच्या वर्षी पानाखाली काटा शोधेपर्यंत मला कळलं नसतं.

मग हे खुर्चीत बसले आणि बोलले. मी गेल्यावर आठ दिवसांनी छान ऊन पडलं होतं. इंटरनेटवर वाचलं होतं की रोपांना बाहेरची सवय करावी. वांग्याचा ट्रे बाहेर डेकवर, त्या लाकडी ओट्यावर ठेवला, तेवढ्यात नीलांबरीच्या नवऱ्याचा पत्ते खेळायला या म्हणून फोन आला, हे गेले. दुपारी गारा पडल्या. पाच मिनिटं. परत आले तर ट्रेमध्ये नुसता चिखल. मग घाबरून डबीतलं सगळं बी पेरलं, कपाटात ठेवलं, आणि उगवावं म्हणून दिवसातून तीनदा वरून पाणी घातलं. ते कुजलं. तोपर्यंत मला फोनवर मिरचीचा ट्रे दाखवत होते, त्यात लाल ठिपक्याच्या काड्या खोचून. मग मकरंद ह्यांना गाडीतून रोपांच्या दुकानात घेऊन गेला. रोपं आणली आणि बियांचं पाकीटही आणलं.

"सगळं पेरलंत?" मी विचारलं. "एक कण ठेवला नाहीत?"

"सगळं," म्हणाले.

बोलणं ऐकून मकरंद आत आला. "आई, अगं तीही वांगीच आहेत. हीप्स लागतील बघ, ढिगाने. टेन्शन नको घेऊस."

"तुला माहीत होतं."

"तुला त्रास नको म्हणून गं. तू तिकडे बाळंतिणीच्या घरात. वल्लरीच म्हणाली, आईला इतक्यात सांगू नका."

म्हणजे तीसुद्धा. माझ्या हातचं खात होती, तिच्या बाळाला मी न्हाऊ घालत होते, आणि फोनवर मिरचीची पानं बघून मी "वांगी कशी आहेत" विचारत होते, तेव्हा ती शेजारी बसून ऐकत होती. आणि नीलांबरीलाही माहीत, तिच्याच घरी पत्ते चालले होते, तिथे हे बोललेच असणार. पंधरा बायकांसमोर मी नवऱ्याचे गोडवे गायले. नंतर किती हसल्या असतील कोण जाणे.

"मला त्रास होऊ नये म्हणून, का तुम्हाला माझं तोंड ऐकायला लागू नये म्हणून?" मी म्हटलं.

मकरंदने बापाकडे बघितलं आणि तो बाहेर गेला. माझ्या बाजूने उभा राहील असं मला वाटलंही नव्हतं.

हे म्हणाले, "शकु, तुझ्या बोलण्याला मी घाबरतो, तुला माहितीय. चूक झाली. आता सोड ना."

मी डबी ओट्यावर ठेवली, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले, आणि ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"अहो, ऐका. गारांनी रोपं मारली, त्याचा राग मला दोन दिवस आला असता. राहिलेलं बी कुजवलंत, त्याला महिना लागला असता. रडले असते, तुम्हाला शिव्या घातल्या असत्या, आणि मग तुम्हाला जेवायला वाढलं असतं. माझं तोंड वाईट आहे, ते मला मान्य आहे. पण डबीत दुसरं बी भरलंत ते घाबरून नाही भरलंत. घाबरलेला माणूस झाकण लावून डबी परत त्याच जागी, त्याच फळीवर मागे ठेवत नाही. चौथी शिकलेली बाई, हिला काय फरक कळणार, असं म्हणून भरलंत. पुढच्या ऑगस्टला मी त्या म्हातारबाबांचं नाव घेऊन दुकानातलं बी पेरलं असतं आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत राहिला असतात. ती बारा रोपं तुमची. त्यांचा काही दोष नाही, त्यांना मारू नका, लावा, पाणी घाला, वांगी लागली तर तुमची तुम्ही करून खा. मी त्यांना हात लावणार नाही. आणि आजपासून तुम्ही मला काहीही सांगितलंत, बाहेर पाऊस थांबलाय एवढं जरी सांगितलंत ना, तरी मी आधी उठून दार उघडणार आणि स्वतः बघणार."