तबला आणि डग्गा, स्थिती चालू

"बाबांना काही सांगू नका. घरी कोणी नव्हतं असं लिहा आणि जा," दार उघडताच ताई, गुरुजींची मुलगी, म्हणाली.

बेलीफच्या नोकरीत हे वाक्य मी पैशाला पासरी ऐकलंय. खोटं कशाला बोलू, कधीकधी तसं लिहिलंही आहे. पण आतून तबल्याचा आवाज येत होता, आणि तीस वर्षांपूर्वी त्याच खोलीत मी गुरुजींकडे तबला शिकलो होतो.

गुरुजी आता ठार बहिरे झाले होते. वरच्या शेजाऱ्यांनी दावा लावला, वाजवायला मनाई झाली, ती मोडली म्हणून वाद्य जप्त करायचा आदेश निघाला. एकूण एक कागद ताईने कपाटात सरकवला होता. गुरुजी बिचारे वाजवत राहिले. स्वतःला ऐकू येत नसलं की माणूस जरा जोरातच वाजवतो.

त्यांनी मला लगेच ओळखलं. हल्ली कुठे असतोस, म्हणून पाटी पुढे केली. मी लिहिलं, 'कोर्टात'. ते खूश झाले आणि शिकवताना सांगायचे तेच पुन्हा सांगू लागले. कायदा हा शब्द परका, अरबीतला. तिकडे त्याचा अर्थ पाया. उर्दूत मुलांच्या पहिल्या पुस्तकालाही कायदाच म्हणतात. आपल्याकडे तो कोर्टाने उचलला आणि तबलजींनीही, ठरलेल्या बोलांच्या रचनेसाठी. ज्या बोलांनी कायदा बांधला, त्यांच्या बाहेरचा बोल विस्तारात घ्यायचा नाही. तू दोन्हीकडचा निघालास, असं म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी आदेश त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. वरच्या मजल्यावरच्या आजारी बाईचा उल्लेख होता, तिथे त्यांचं बोट थांबलं.

"आठ महिने त्या बाईला झोप नाही, आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"तबला गेला तर तुम्ही दिवस कसा काढणार, बाबा?" ताई म्हणाली. ती त्यांच्या पाठीमागे उभी होती. त्यांना ते कळलंच नाही.

'घरी कोणी नव्हतं असं लिहू शकतो,' मी पाटीवर लिहिलं. त्यांनी ते तळहाताने पुसून टाकलं.

आमच्या कोर्टाचा एक नियम आहे. जप्त करायची वस्तू चालवून बघायची आणि यादीत तिची स्थिती लिहायची. पंखा असला तर फिरवायचा, शिवणयंत्र असलं तर एक टीप मारायची. मी तबल्यासमोर बसलो. गुरुजींनी डग्ग्याच्या अंगाला हात टेकला आणि नजर माझ्या बोटांवर ठेवली. त्यांनी शिकवलेला पहिलाच कायदा आठवला. दोन-तीन आवर्तनं कशीबशी निघाली.

"हा बोल यातला नाही," ते म्हणाले. "पुन्हा."

मी पुन्हा वाजवला. या खेपेला नीट आला. त्यांनी डग्ग्यावरचा हात बराच वेळ काढला नाही. मी थांबल्यावरही.

"लिही, चालू," ते म्हणाले आणि सहीसाठी पेन मागितलं.

यादीत तबला आणि डग्गा एवढंच होतं. खालच्या कापडी चुंबळींचा उल्लेख नव्हता, म्हणून त्या मी राहू दिल्या. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण दारातून वळलोच. गुरुजी तसेच मांडी घालून बसले होते. दोन्ही हात दोन रिकाम्या चुंबळींवर होते, आणि बोटं हलत नव्हती.