वैऱ्याच्या गॅलरीत तोयोनागाचं गाणं

देव भक्ताची परीक्षा पाहतो म्हणतात. पण ती बेसबॉलच्या मैदानात, आणि तीही नवऱ्याच्या हातून पाहील, असं तोमोएच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

हेरॉन्स संघाचा तोयोनागा आज शेवटचा खेळणार होता. तो फलंदाजीला आला की वर्षानुवर्षं ती हेरॉन्सवाल्यांच्या उजव्या गॅलरीत उभी राहून त्याचं गाणं म्हणत आली होती. प्रत्येक खेळाडूचं गाणं निराळं, चाल निराळी. ढोलाचा ठेका, ट्रम्पेटचे सूर आणि हजारो गळे. आज ते शेवटचं म्हणायचं, एवढंच तिचं मागणं होतं. आणि उभ्या जन्मात एकही सामना न पाहिलेल्या नवऱ्याने, एइजीने, मोठ्या प्रेमाने, तिच्या नकळत तिकिटं काढली होती.

"अहो, ही डावी बाजू आहे! बेअर्सवाल्यांची!"

"उजवीच आहे. मी नकाशासमोर बसून, मैदानाकडे तोंड करून, माझा उजवा हात बघितला."

"उजवं-डावं फलंदाजाच्या हाताने धरतात हो! आपण त्याच्या समोर बसतो!"

"मग फलंदाजाने आपल्याकडे पाठ करून उभं राहावं," एइजी म्हणाला.

आता जागा बदलायची सोय नव्हती. मैदान शिगोशीग भरलं होतं. आणि बेअर्सच्या या लाल गॅलरीत दुसऱ्या संघाचे कपडे घालायचे नाहीत, त्यांचा जयजयकार करायचा नाही, असा कडक नियम. आणि तोमोएच्या अंगात हेरॉन्सचा हिरवा सदरा! एइजीने आपलं जाकीट काढून दिलं. सप्टेंबरच्या उकाड्यात तिने गळ्यापर्यंत चेन ओढली आणि मोदकासारखी वाफेवर शिजत बसली.

बेअर्सची फलंदाजी सुरू झाली तशी सगळी गॅलरी उभी राहिली. बसून राहिलं तर चोर सापडणार. तोमोए उठली, नुसते ओठ हलवू लागली. पण गळ्याला कुठे वैर कळतं? ही गाणीही ती इतकी वर्षं समोरून ऐकत आली होती. तिसऱ्या फलंदाजाच्या गाण्यात सूर उंच चढतो, तिथे भल्याभल्यांचा दम सुटला आणि हिचा एकटीचा आवाज वर तरंगत राहिला.

पुढे ढोल बडवणारा बेअर्सवाल्यांचा म्होरक्या गोंदो गर्रकन वळला. टकलावर लाल पट्टी, छाती पिंपाएवढी.

"वा काकू! इतके दिवस कुठे लपला होतात?" त्याने आपल्या हातातली, काडीला खोचलेली भाजकी कोंबडी तिला देऊन टाकली.

"छान म्हणतेस गं यांचं," एइजी म्हणाला.

"तुम्ही एक अक्षर बोलू नका!"

आठव्या डावात बेअर्स एका धावेने पुढे होते. फलंदाजी हेरॉन्सची, म्हणून लाल मंडळी खाली बसून नूडल्स ओढत होती. दोन गडी बाद, दुसऱ्या बेसवर एक जण. आणि भोंग्यावर नाव आलं, बदली फलंदाज, तोयोनागा!

समोरची हिरवी गॅलरी उसळली. तोमोएच्या ओठांवर गाणं आलंच होतं. तिने जाकिटाची कॉलर दातात धरली.

तेवढ्यात गोंदो उभा राहिला. "मंडळी, या माणसाने आपल्याला फार रडवलंय. असा वैरी पुन्हा मिळायचा नाही. उठा, त्याच्याच गाण्याने निरोप देऊ!"

सगळे उठले. ट्रम्पेटने चाल धरली. पण शब्द? जो तो शेजाऱ्याचं तोंड बघू लागला.

"अरे, शब्द कुणाला येतात?"

"मला!" तोमोए म्हणाली.

"काकू, तुम्हाला? ते कसे काय?"

तिने चेन खाली ओढली. लाल समुद्रात हिरवा सदरा!

"अस्सं!" गोंदो कंबरेवर हात ठेवून म्हणाला. "म्हणजे माझी कोंबडी शत्रूच्या पोटात गेली!" मग त्याने तिला हाताला धरून ढोलाशेजारच्या चौथऱ्यावर चढवलं. "म्हणा. आम्ही मागून उचलतो."

"धाव रे धाव, वाऱ्याच्या लेका!" तोमोएने ध्रुवपद घेतलं. "चिखलात पड, पण थांबू नको!"

लाल गॅलरीने ते असं उचललं, की समोरचे हिरवे थबकले, आणि मग दोन्हीकडून एकच गजर उठला.

तोयोनागाने बॅट फिरवली. फटका काही देखणा नव्हता. चेंडू कसाबसा उडाला आणि तीन क्षेत्ररक्षक "तू घे, तू घे" करत असताना मधोमध टपकला. म्हातारा घोडा धापा टाकत पहिल्या बेसवर पोचला. तोवर दुसऱ्या बेसवरचा गडी घरच्या बेसवर. बरोबरी!

"काकू, निरोप द्या म्हटलं होतं, धाव कुणी द्यायला सांगितली होती?" मागून कुणी ओरडलं.

बेसवर तोयोनागाच्या जागी तरणा धावपटू आला. तोयोनागा टोपी हातात घेऊन परत निघाला. डावीकडून आपलं गाणं कसं येतंय, म्हणून तो थांबला, वळला. सगळ्या तांबड्यात त्याला एक हिरवा ठिपका दिसला. तो कंबरेत वाकला. तोमोएही वाकली, पण गाणं न सोडता.

पुढचा फलंदाज येऊन उभा राहिला.

"काकू, आता आवरा! तो आत गेला!" गोंदो म्हणाला.

"गेला तर गेला," डोळे पुसत तोमोए म्हणाली. "दुसरं कडवं राहिलंय."

गोंदोने एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि ढोलावर काठी उचलली.