गळती नव्हती

पडद्यावरचा आलेख नीनाने लगेच ओळखला. तिसऱ्या मिनिटाला रेघ थरथरली होती. त्या दिवशी खाली रस्त्यावर ड्रिल चालू होतं. हा आलेख तिने काढला होता, आणि व्याख्यानात प्रोफेसर हॅलम तो त्यांच्या विद्यार्थिनीचं, उर्वीचं काम म्हणून दाखवत होते.

एकोणीस वर्षं नीना परदेशातल्या या विद्यापीठात हॅलमच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होती. पानावरची सूक्ष्म छिद्रं उघडमीट करणाऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, एकेकीला केसाहून बारीक काचेची नळी चिकटवायची आणि आयन बाहेर पडताना वाहणारी वीज मोजायची, हे तिचं काम. पाणी कमी पडलं की पेशीतलं एक प्रथिन आयनांच्या वाटेला इशारा देतं. वाट उघडते, आयन निघून जातात, पेशी सैलावते, छिद्र मिटतं आणि झाड तगतं. ते प्रथिनच नसलेल्या झाडात वाट बंदच राहणार, असं हॅलम वर्षानुवर्षं सांगत आले होते. तीन वर्षांपूर्वी नीनाला ती उघडलेली दिसली. म्हणजे इशारा देणारं दुसरंही कुणी होतं.

हॅलम म्हणाले होते, तुझी नळी नीट चिकटलेली नाही, ही नुसती गळती आहे, टाकून दे. नीनाने टाकलं नाही. शनिवारी शनिवारी येऊन तिने एकोणचाळीस पेशींवर तेच मोजलं आणि तारखेनिशी वहीत लिहिलं.

व्याख्यान संपल्यावर तिने उर्वीला कॉरिडॉरमध्ये गाठलं. उर्वी पुण्याहून पीएचडीला आलेली.

"तो आलेख तू काढलास?"

"नाही काकू. हॅलमनी फाइल दिली. मला वाटलं, त्यांनी तुम्हाला विचारलं असेल."

"आणि तू? तू विचारलंस मला?"

उर्वीने मान खाली घातली. पोरीचा व्हिसा हॅलमच्या मर्जीवर होता हे नीनाला ठाऊक होतं, आणि त्यामुळे तिचा संताप आणखीच वाढला. धड तिच्यावर ओरडताही येत नव्हतं.

ती तशीच हॅलमच्या खोलीत गेली. ते शांतपणे म्हणाले, टेक्निशियनला मोजण्याचा पगार मिळतो. अर्थ लावणं आमचं काम.

"तुम्ही गळती म्हणालात तेव्हा अर्थ मीच लावला होता," नीना म्हणाली.

ते ईमेल वाचू लागले.

हॅलम आणि उर्वीच्या नावाने तो आलेख ज्या जर्नलमध्ये छापून येणार होता, त्या जर्नलला तिने त्याच दुपारी वह्यांच्या पानांचे फोटो पाठवले. जर्नलने उर्वीला विचारलं. उर्वीने आठ दिवस घेतले, मग एका ओळीत कळवलं: मोजमापं माझी नाहीत, नीना राजवाड्यांची आहेत.

लेखावर नीनाचं नाव छापून आलं. हॅलमनी तिच्याशी बोलणं सोडलं, आणि जूनमध्ये कळलं की तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू राहणार नाही. प्रकल्पाची गरज संपली, असं पत्रात होतं.

वह्या विद्यापीठाच्या मालकीच्या. शेवटच्या दिवशी तिने एकोणीस वर्षांतल्या आपल्या सतराही वह्या ट्रॉलीवर घालून ऑफिसात नेल्या आणि प्रत्येक वहीची वेगळी पोच मागितली. तिथला माणूस म्हणाला, अशी पद्धत नाही, इथे ठेवून जा.

नीना काउंटरपाशी उभी राहिली. मागे रांग लागली, तरी ती हलली नाही. शेवटी त्याने खुर्ची पुढे ओढली, पहिली वही उघडली आणि विचारलं, नावाचं स्पेलिंग काय?

तिने एकेक अक्षर सावकाश सांगितलं.