समोरासमोरचे दोन माइक

शहजादच्या स्टुडिओला खिडकी नव्हती. एक होती, ती त्याने विटा लावून बुजवली आणि चारही भिंतींना कापूस भरलेल्या गाद्या ठोकल्या. त्या वर्षी दिग्रसच्या बाजारात कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, त्यामुळे गाद्या स्वस्तात झाल्या. पंख्याचा आवाज माइकमध्ये जातो म्हणून गाताना पंखा बंद. मार्चच्या उन्हात तिथे गायला बसलं की सूर राहिला बाजूला, आधी जीव धरून ठेवावा लागे.

विमल त्या खोलीत दुसऱ्यांदा आली होती. या वेळी एकटी गाणार होती, आणि तेवढ्यासाठी तिने आठ दिवस देवाला नाही, पण गळ्याला हात जोडले होते.

बारा वर्षं ती उकंडादादांच्या गायनपार्टीत दुसरा आवाज देत होती. नवरा वारला तेव्हा आता हिने घरात बसावं असं सगळ्यांचं ठरलं होतं. दादांनी कोणाला न विचारता तिला जयंतीच्या स्टेजवर आपल्यासमोर आणून बसवलं. ते उपकार विमल विसरली नव्हती, आणि दादाही तिला विसरू देत नव्हते.

साठी उलटल्यावर दादांचा गळा वरच्या सुराला पोचेना. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत, नेमकं एका जागी, ते जरासे खाली घसरत. सुरुवातीला त्यांना ते कळत नसे; आपला आवाज आपल्याला खराच वाटतो. पहिल्यांदा ते घसरले तेव्हा विमलने पाहिलं, समोरच्या पोरांनी माना वर केल्या. पुढच्या वेळी तीही त्यांच्याबरोबर तेवढीच खाली आली. दोघं मिळून पडले की लोकांना पडले असं वाटतच नाही, चालच तशी असेल म्हणतात. तेव्हापासून ती दर वेळी तिथे पडत होती. सांगायचं कोणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

पण अलीकडे गावागावांत वर्गणी गोळा होईना. वर्षाला चाळीस कार्यक्रम व्हायचे, ते नऊवर आले. अशात पुसदच्या रुपालीताईंनी बायकांची गायनपार्टी काढली. मुख्य आवाज हवा होता. सोमवारपर्यंत तुमचा एकटीचा आवाज सीडीवर पाठवा, असा त्यांचा निरोप आला. विमलने हे फक्त शहजादला सांगितलं होतं.

आणि संधी चालून आली ती दादांच्याच हट्टामुळे. जयंतीच्या सीडीसाठी शहजाद एकेकाला वेगळं गायला सांगत होता. दादांनी ऐकलं नाही. समोरचं तोंड दिसल्याशिवाय आमच्या पार्टीत गाणं होत नसते, म्हणाले. मग एकाच खोलीत समोरासमोर दोन माइक लागले. पेटी-ढोलकी आधीच भरून ठेवली होती, ती दोघांच्या कानात वाजत होती.

नंतर शहजादने कॉम्प्युटरवर दादांचा सूर सरळ केला आणि डोक्याला हात लावला. समोरासमोर बसल्यामुळे विमलच्या माइकमध्येही दादांचा आवाज शिरला होता, तो घसरलेलाच राहिला. दोन्ही एकत्र वाजवले की एका तोंडाचे दोन दादा ऐकू येत, एक वर आणि एक खाली. तेव्हा विमलचा माइक काढून टाकायचा आणि तिला एकटीला पुन्हा गायला लावायचं, असं त्याने ठरवलं; तोच एकटीचा आवाज पुसदला जाणार होता. दादांना त्याने सांगितलं, ताईंचा माइक खराब निघाला. पोरगं गुणी होतं.

दादा बाहेरच्या खोलीत स्पीकरजवळ बसले. बारा वाजता लाइट जाणार होती. विमलने हेडफोन लावले. कानात सरळ केलेले दादा गाऊ लागले, आणि तिला गंमत वाटली, कारण दहा वर्षांपूर्वीचे दादा असेच गात. मुखडा झाला. पहिली ओळ झाली. आवाज मोकळा लागला होता. दुसऱ्या ओळीत ती जागा आली, दादा तिथे ताठ उभे होते, आणि विमल घसरली.

पुन्हा करू, ती म्हणाली. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले, मुठी आवळल्या, वर जायचं वर जायचं असं मनात घोकलं, आणि गळा सवयीने बरोबर तेवढाच खाली उतरला. तिला रडू आलं. बारा वर्षांत कधी तिला आपल्या गळ्याची भीती वाटली नव्हती, ती आता वाटली.

शहजाद बाहेरचा स्पीकर बंद करून, दार लोटून आत आला आणि हळूच म्हणाला, कायले टेन्शन घेता, मशीननं तुमचाही सूर वर उचलून देतो, पुसदला काही कळत नाही.

"अन् पुसदच्या स्टेजवर?" विमल म्हणाली. "तिथं तू मशीन घेऊन बसशील काय माह्या बाजूला?"

 तेवढ्यात दादा दारात आले. चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली, तिच्या समोर बसले आणि मायेने म्हणाले, "रडू नको विमल. तू तिथं पडते, हे मले आजचं माहीत नाही. म्हणून तं मी भी तिथं खाली येतो. लोकाइले कळू नाही, म्हणून सांभाळून घेतो तुले."

 म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला मनापासून तसंच वाटत होतं, आणि आता त्याच्याकडे पुरावाही होता. स्पीकरवर तो सुरात होता, कसा ते त्याच्या मनातही आलं नाही, आणि ती तीनदा पडली होती.

शहजाद बाहेर कॉम्प्युटरपाशी गेला आणि त्याने माउसवर हात ठेवला. दादांचा सरळ न केलेला आवाज अजून तिथेच होता. एक बटण दाबायचा अवकाश, की खरं काय ते म्हाताऱ्याला ऐकू आलं असतं. उघड्या दारातून त्याने विमलकडे पाहिलं. तिने मान हलवली, नको.

"हो दादा," ती म्हणाली. "मीच पडते."

दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चालायचंच, म्हणाले, आपण दोघं आहो ना. आणि चहा सांगायला बाहेर गेले.

शहजादने दोन्ही माइकची जुनी रेकॉर्डिंग पुन्हा उघडली. बराच वेळ बघून म्हणाला की दोघं एकाच जागी, केसभरही फरक न करता सारखेच पडले आहेत. दोन्ही माइकचे सूर एकत्र धरून वर उचलले तर दोन दादा ऐकू येणार नाहीत, कोणाला काही समजणारही नाही. फक्त ताईंच्या माइकमध्ये दादाही आहेत, त्यामुळे ताईंचा एकटीचा आवाज वेगळा निघणार नाही. पुसदला काय पाठवायचं?

विमलने हेडफोन काढून खुंटीला अडकवले.

"पुसदचं राहू दे," ती म्हणाली. "आमाले दोघाइले संगंच उचल."