साऱ्या धाराशिवची शिडी

मी शिडी बोलतेय. हसू नका. आजवर लोक माझ्यावर पाय ठेवून वर गेले आणि वर गेल्यावर मला विसरले. आज जरा माझंही ऐका.

भूमच्या बाजारात एका बुरडानं मला बांधलं. दोन उंच बांबू, तेरा पायऱ्या आणि गाठी अशा की सुटता सुटू नयेत. मला विकत घेतलं लालमहंमद उस्तादांनी. धाराशिवात ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं उर्दूत. हात थरथरायला लागला तसं त्यांनी आपले ब्रश आणि मला शागिर्दाच्या म्हणजे पाशामियाँच्या हवाली केलं.

"बेटा, ही शिडी विकायची न्हाय," ते म्हणाले. "गाव सोडशील तेव्हा सोताच्या हातानं दुसऱ्या कामाच्या माणसाच्या हातात दे. कुणाकरवी धाडायची न्हाय."

पाशामियाँनी कानाला हात लावून कबूल केलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग निजाम गेला, पुढं महाराष्ट्र झाला आणि ज्याला त्याला मराठी पाटी हवी झाली. काय दिवस होते ते! सकाळी कापडाचं दुकान, दुपारी इस्पितळ, सांजच्याला टॉकीज. माझ्या अंगावर इतके रंग सांडले की मी मूळची बांबूची आहे हे मलाच आठवेना.

आता खरं सांगू? शिडीनं राहावं तर धाराशिवातच. खेड्यात शिडीला काम किती? वर्षातून एकदा चुना लावायचा, बाकी दिवस गोठ्यात उभं राहायचं आणि कोंबड्यांनी अंगावर बसायचं. मोठ्या शहरात म्हणे काम ढीगभर, पण कुणाची कोण, कुणी विचारत नाही. धाराशिव कसं बेताचं! जिल्ह्याचं ठिकाण, म्हणून कचेरी आहे, बाजार आहे, रोज हाताला काम आहे. आणि या टोकाच्या हॉटेलातला चहा त्या टोकाला नेला तरी थंड होत नाही.

त्यात घरं सगळी माळवदाची. धान्य वर वाळतं, मुलं वर खेळतात, उन्हाळ्यात माणसं वरच झोपतात. म्हणजे शिडी सगळ्यांना लागते आणि गल्लीत शिडी एकच, ती म्हणजे मी. मला नेताना कुणी विचारत नसे. "पाशाची शिडी नेली गंऽ" असं जाता जाता ओरडलं की झालं. मी कुरकुर करायची, पण एखाद्या दिवशी कुणी न्यायला आलं नाही तर करमायचं नाही.

असं सगळं झ्याक चाललेलं असताना मुंबईहून खाजाभाईचं पत्र आलं. खाजाभाई म्हणजे पाशामियाँच्या बायकोचा, हसीनाबीचा भाऊ. तो तिथं सिनेमाची मोठमोठी चित्रं रंगवायचा. 'या इकडं,' त्यानं लिहिलं होतं. 'तीस तीस फुटी चित्रं असतात. एकेका चित्रावर दहा दहा पेंटर. एक डोळे काढतो, एक साडी रंगवतो. सध्या मिशा काढणाऱ्याची जागा रिकामी आहे. पगार बांधलेला.'

पाशामियाँनी पत्र चारदा वाचलं. हसीनाबीला जायचं नव्हतं, हे मला तिच्या नुसत्या भांडी आपटण्यावरून कळत होतं. पण बोलावणारा सख्खा भाऊ. माहेरच्या माणसाचा शब्द मोडायचा कसा?

निघायचा दिवस ठरला. तीनची सोलापूरची एस.टी., तिथून रेल्वे. मला वायरमन शिवप्पाकडं द्यायचं ठरलं. माझ्या तर बांबूतलं पाणीच पळालं. उस्तादांमागं पाशामियाँचेच पाय मला ओळखीचे होते.

त्या दिवशी फटफटायला हसीनाबीनं शेजारच्या गंगम्माला बोलावलं. गंगम्माला कमी ऐकू येतं, म्हणून तिला वाटतं साऱ्या जगालाच कमी ऐकू येतं.

हसीनाबी तिच्या कानाशी लागली. "गंगम्मा, शिडी न्या. कुरडया घाला, पापड घाला, काय बी करा. पण आज परत आणू नका. शिडी सोताच्या हातानं दिल्याबगर ते गाव सोडायचे न्हाईत."

"व्हय, व्हय!" गंगम्मा कुजबुजली, आणि समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. "पाशाला काय बी कळू देत न्हाय!"

मला धडकीच भरली. पण आतून पाशामियाँच्या घोरण्याचा आवाज येत होता, उलट जरा वाढलाच होता. देवाची कृपा म्हणायची.

गंगम्माच्या माळवदाला मी टेकले न टेकले तोच कापड दुकानाच्या महालिंगप्पांचा गडी आला. बसवजयंती तोंडावर आलेली, पताका लावायच्या होत्या. गंगम्माला वाटलं, बरंच झालं, शिडी जेवढी लांब जाईल तेवढी चांगली! पताका झाल्यावर तिथून मला घेऊन गेला कोण? शिवप्पा वायरमन! कचेरीवरची तार ओढून झाल्यावर त्यानं मला एस.टी. स्टँडावर पाठवून दिलं.

इकडं पाशामियाँ माझ्या शोधात निघाले. त्यांनी हा किस्सा पुढं इतक्यांदा सांगितला की मला पाठ झालाय. गंगम्मानं त्यांना आधी बसवून घेतलं, कुरडयांची पुडी हातात दिली आणि मग सांगितलं, "शिडी व्हय? ती अप्पांनी नेली की!"

महालिंगप्पांनी चहा मागवला. "पाशामियाँ, तुम्ही चाललात, मग माझ्या नातवाच्या दुकानाची पाटी कोण लिहिणार?"

"अप्पा, नातू सहा महिन्यांचा आहे."

"म्हणून काय झालं? पोरं वाढायला वेळ लागतो व्हय?"

शिवप्पा तर कपाळाला हात लावून बसला. "पाशाभाई, ती मलाच देणार होता? आधी सांगायचं न्हाय! माझीच शिडी मी दुसऱ्याला उसनी दिली की ओ!" आणि तोही त्यांच्याबरोबर निघाला.

तीन वाजत आले होते. स्टँडावर मी कुठं उभी होते, सांगू? सोलापूरच्याच गाडीला टेकून! गाडीची मागची शिडी निखळली होती, म्हणून टपावर सामान चढवायला मला लावलं होतं. सामान घेऊन पुढं आलेल्या हसीनाबीची पेटी माझ्यावरूनच वर गेली. मला बघून बिचारी मटकन बाकावर बसली. सगळी मसलत पाण्यात!

पाशामियाँ धापा टाकत आले. उस्तादांची अट साऱ्या गावाला ठाऊक. कंडक्टर लिंबाजी म्हणाला, "पेंटर, ही तुमची शिडी, हा शिवप्पा. द्या सोताच्या हातानं आणि बसा. पाच मिनिटं गाडी थांबवतो, आपलीच हाय."

आता आडवं यायला काहीच उरलं नव्हतं. पाशामियाँ म्हणाले, "पेटी नीट बांधलीय का बघतो," आणि माझ्यावर चढले. तेराव्या पायरीवर थांबले ते थांबलेच.

तिथून सारं धाराशिव दिसत होतं. महालिंगप्पांचं दुकान, इस्पितळ, टॉकीज, कचेरी. जिथं नजर जाईल तिथं त्यांच्याच हाताची अक्षरं. पहिल्यावहिल्या मराठी पाटीवरची अक्षरं ओळ सोडून खाली घसरत गेली होती, तीसुद्धा लोकांनी हौसेनं तशीच ठेवलेली.

"इथं सारं गाव लिहिलं," ते स्वतःशीच म्हणाले, "आन् तिकडं नुसत्या मिशा काढू काय?"

पेटी खांद्यावर घेऊनच ते उतरायला लागले. तिसऱ्या पायरीवर येऊन थबकले. "लिंबाजी, हिची ही पायरी हलतेय. अशी शिडी शिवप्पाला कशी देऊ? पडला-बिडला तर उस्तादांना काय तोंड दाखवू?"

माझी पायरी! हलते! इतकी वर्षं अंगाखांद्यावर वागवलं त्याचं हे फळ? शिवप्पानं पाय ठेवून बघितला. पायरी दगडासारखी घट्ट. त्यानं एकदा पाशामियाँकडं बघितलं आणि गंभीरपणानं मान हलवली.

"लईच हलतीया, पाशाभाई. मला नको बाबा."

सगळी गाडी हसायला लागली. हसीनाबीनं तोंडाला पदर लावला. लिंबाजीनं घंटी मारली आणि गाडी आमच्यावाचून गेली.

खाजाभाईला पत्र गेलं, 'शिडी दुरुस्तीला आलीय, सवडीनं येऊ.' ती सवड अजून झालेली नाही.

आता मी जुनी झाले. कामाला नवी शिडी आली आणि मी अंगणात दोडक्याचा वेल अंगावर घेऊन उभी असते. तिसरी पायरी आता खरोखरच हलते. परवा त्याच पायरीवर उभे राहून पाशामियाँ दोडके काढत होते, खाली हसीनाबी पदर पसरून उभी होती.

"हसीना," ते एकदम म्हणाले, "गंगम्मानं शिडी नेली, त्या दिवशी घोरणं मला झ्याक जमलं होतं, न्हाय का?"

हसीनाबीच्या पदरातले दोडके खाली पडले. माझी तर सगळ्या तेरा पायऱ्यांची बोलती बंद. म्हणजे त्यांना फटफटल्यापासून ठाऊक होतं! तरी दिवसभर उन्हात दारोदार फिरले, कुणीतरी थांबवावं म्हणून!

अजूनही गल्लीतलं कुणीतरी येतं आणि वेल बाजूला करून मला घेऊन जातं. न्या बापड्यांनो, मला बरं वाटतं. फक्त तिसरी पायरी सांभाळा आणि काम झालं की परत आणा. आणि नेताना जरा हळू बोला. पाशामियाँ घोरत असले तरी जागेच असतात.